मागची सीट

टोळला मागची सीट म्हणजे काय भानगड असते, हे वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. खोटं वाटेल, पण खरं आहे. बाराव्या वर्षापासून बाई गाडीवर, आणि गाडी म्हणजे मातीतल्या शर्यतींची मोटरसायकल: उंच, हडकुळी, ना दिवा ना आरसा ना नंबर, आणि बसायला एका माणसापुरती चिंचोळी पट्टी. टेकाडावरून उडायचं, चिखलातून वळायचं, पडायचं, उठायचं, सगळं एकटीने. टोळ हे नावही त्यातूनच पडलेलं. पहिल्यांदा तिने गाडी उडवली तेव्हा खाली उभा असलेला तिचा भाऊ ओरडला होता, "अगं ए टोळ, खाली ये!" ते नाव असं काही चिकटलं की खरं नाव फक्त कागदावर उरलं.

हा भाऊ, म्हणजे दादा, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा आणि पेशाने मेकॅनिक. तिची गाडी तोच खोलायचा, तोच जोडायचा. शर्यतीत टोळ पहिली आली की लोक तिचे फोटो काढायचे आणि दादा गाडीखाली घुसून तेल गळतंय का ते बघायचा. दोघांनीही लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर दादा म्हणायचा, "आमच्या घरात आधीच एक गाडी आहे, अजून कटकट कोणाला हवी?"

पुढे ट्रॅकची जमीन विकली गेली आणि तिथे गोदामं उभी राहिली. टोळ त्यातल्याच एका गोदामात दुपारपाळीला सुटे भाग मोजायला लागली. ते एक वेळ चाललं असतं. पण त्याच सुमाराला दादाच्या दोन्ही किडन्या बसल्या.

आता डायलिसिस म्हणजे काय ते ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला सेंटरवर हजर व्हायचं. चार तास खुर्चीत. अंगातलं रक्त बाहेर काढून, यंत्रातून धुऊन परत आत. त्यासाठी डाव्या हातात ऑपरेशन करून शीर जोडलेली असते. त्या हातावर जोर द्यायचा नाही, तो दाबायचा नाही, त्याला मार तर अजिबात लागता कामा नये. आणि खाडा करायचा नाही. एक खाडा झाला की पाय सुजतात, दोन झाले की छातीत पाणी भरतं. तिसऱ्याबद्दल सेंटरवरच्या सिस्टर बोलत नाहीत.

चार वर्षं हे सुरळीत चाललं. मग वाटेतला मोठा पूल पाडायला घेतला. दुचाक्यांना कडेची एक पट्टी ठेवली, बाकी सगळ्यांना सोळा किलोमीटरचा वळसा, आणि त्या वळशावर पहाटेपासून ट्रकच्या रांगा. पाचला टॅक्सीत बसलं तरी सेंटरवर कधी साडेसात, कधी आठ. तीनदा उशीर झाला. सिस्टर वाईट नव्हत्या, पण त्यांचेही हात बांधलेले. "ताई, सव्वासातपर्यंत मी खुर्ची धरून ठेवू शकते. पुढे दुसरा माणूस दारात उभा असतो हो," त्या म्हणाल्या.

मग टोळने काय केलं? वीस वर्षांची मातीतली गाडी एका हौशी पोराला देऊन टाकली आणि बदल्यात त्याची रस्त्यावरची मोटरसायकल घेतली. बुटकी, जाडजूड, आरसेवाली, मागे ऐसपैस सीट. म्हटलं, गाडी ती गाडी. त्यात काय शिकायचंय?

तिथेच फसली ना!

मातीत वळताना आतला पाय काढून पुढे धरायचा असतो, गाडी घसरली तर टेकायला. टोळ रस्त्यावरही पाय काढायची. सिग्नलच्या साध्या वळणावर हिचा बूट बाहेर, शेजारचा स्कूटरवाला घाबरून बाजूला. मातीत खड्डा आला की फुटरेस्टवर उभं राहायचं. टोळ प्रत्येक गतिरोधकाला ताडकन उभी राहायची, आणि एका हाताने तिची कंबर धरलेल्या दादाचं नाक तिच्या कमरेवर आपटायचं. डावा हात तो पोटाशी घेऊन बसायचा, धरायला एकच हात. "अगं, सलामी कोणाला देतेस?" तो मागून म्हणायचा. मातीत गाडी खाली दाबायची आणि अंग सरळ ठेवायचं. रस्त्यावर तसं केलं की मागचा माणूस गाडीबरोबर एकीकडे, आणि चालवणारी दुसरीकडे. पहिल्या आठवड्यात दादा दोनदा उतरल्या उतरल्या ओकला. हसून म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. ड्रायव्हर बदलावा लागेल."

पण वेळेत पोहोचत होते. पावणेसातला दारात. टोळचा जीव भांड्यात पडायचा.

आणि मग तो मंगळवार. रस्ता नुकताच पाण्याने धुतलेला होता. पट्टी संपून डावीकडे वळायचं, तिथे पांढरे पट्टे रंगवलेले. समोर एक सायकलवाला आला. टोळने सवयीने मागचा ब्रेक दाबला, कारण मातीत पुढचा ब्रेक दाबणं म्हणजे तोंडावर पडणं. मागचं चाक पट्ट्यावर सुटलं आणि गाडी आडवी झाली.

आता इथे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. बाराव्या वर्षी दादानेच तिला पहिला धडा दिला होता: "गाडी जातेय असं वाटलं की सोड. मागेपुढे बघू नकोस. गाडी मी नीट करीन, तुला कोण नीट करणार?" बावीस वर्षांत टोळने शेकडो वेळा गाडी सोडली होती. हात आपोआप सुटायचे, पाय आपोआप झटकायचे, आणि ती मांजरीसारखी बाजूला उभी. त्या मंगळवारी तिने तेच केलं. गाडी सोडली. टुणकन उडाली आणि दोन पायांवर, धड, रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

गाडी दादाला घेऊन घसरत गेली.

वेग फार नव्हता म्हणून वाचला. गुडघा फुटला, पँट फाटली, डाव्या हाताचं कोपर खरवडलं. शीर वाचली, बोटभर अंतराने. टोळ धावत गेली तेव्हा दादा गाडीखालून तिच्याकडे बघत होता. तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. असं मेल्याहून मेल्यासारखं तिला कधीच झालं नव्हतं. तिने त्याला टाकलं होतं. मुद्दाम नाही, कबूल, पण टाकलं होतं.

"दादा, माझ्या हातून... अरे, मला कळलंच नाही रे."

"मीच शिकवलंय ना," दादा म्हणाला आणि उठून पाय झटकला.

सेंटरवर मलमपट्टी झाली, खुर्चीत जेमतेम अडीच तास मिळाले. घरी आल्यावर दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला आणि म्हणाला, "टोळ, मी तुझ्यामागे परत बसणार नाही. मला भीती वाटते."

बस. यावर ती काय बोलणार? तोंड कुठे होतं बोलायला?

गुरुवारी ती साडेपाचला तयार होऊन हेल्मेट घेऊन उभी. दादा उठला नाही. तिने हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "ढकलत नेते दादा, चालत नेते गाडी, पण चल." तो म्हणाला, "भीती वाटते म्हटलं ना एकदा!" गुरुवार गेला.

त्याच दुपारी टोळने गोदामात रजा टाकली आणि पलीकडच्या गल्लीतलं ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. तिथले मास्तर सत्तरीचे, पोटाने गोल, जिभेने तिखट. पूर्वी पोलिसांत मोटरसायकलवर होते म्हणे. टोळने सगळं सांगितलं. मास्तरांनी तिला मागच्या मोकळ्या मैदानात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि कपाळाला हात लावला.

"बाई, गाडी तुम्हाला येते. फार येते. तोच घोळ आहे. ज्याला काही येत नाही त्याला मी आठ दिवसांत शिकवतो. तुम्हाला आधी विसरायला शिकवावं लागेल."

"आठ दिवस नाहीत माझ्याकडे, मास्तर. मंगळवारपर्यंत शिकवा."

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे एकही वाकडा शब्द न बोलता आत जाऊन शिवणाच्या दोऱ्याचं रीळ घेऊन आले. तिचे दोन्ही बूट फुटरेस्टला साध्या दोऱ्याने बांधले. "पाय काढलात की तुटणार. पडणार नाही तुम्ही, दोरा कच्चा आहे. फक्त लाज वाटेल." पहिल्या तासात एकतीस दोरे तुटले. मास्तर दर वेळी कण्हत वाकायचे, नवा बांधायचे आणि म्हणायचे, "चला, रीळ मोठं आहे."

मग मागच्या सीटवर वाळूचं पोतं आवळून बांधलं. "हा तुमचा भाऊ. ह्याला सांगितल्याशिवाय उभं राहायचं नाही, झुकायचं नाही, ब्रेक मारायचा नाही. तुम्ही दोघं मिळून एक माणूस." पुढचा ब्रेक दोन बोटांनी, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू. नजर चाकापुढे नाही, वळण संपतं तिथे. गुडघे टाकीला चिकटलेले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, टोळ त्या मैदानात गोल गोल फिरत होती. तळहाताला फोड आले, ते फुटले. जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं. एकदा पोतं सैल होऊन एका बाजूला कलंडलं तर ती गाडी थांबवून पोत्यालाच "लागलं का रे?" म्हणाली. मग स्वतःलाच ऐकून तिला रडू फुटलं. मास्तरांनी तोंड फिरवलं आणि उगाचच रिळाचा दोरा गुंडाळत राहिले.

शनिवारी शेजाऱ्याची चारचाकी मागून दादाला नेलं. पाचला निघाले, आठ वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. दीड तास मिळाला. सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, वजन बघा किती वाढलंय. रक्तातलं पोटॅशियम चढलंय. हे असं चालणार नाही. मंगळवारी पूर्ण चार तास झालेच पाहिजेत. नाही झाले तर मला तुमच्याशी खोटं बोलता येणार नाही." टोळचं धाबं दणाणलं. घरी येताना दादा मागच्या बाकावर डोळे मिटून पडला होता. पाय इतके सुजलेले की चपलेचे बंद रुतले होते.

रविवारी सात दोरे तुटले. सोमवारी सकाळी दोन. सोमवारी संध्याकाळी मास्तर स्वतः पोतं काढून तिच्यामागे बसले. "माझं वजन दोन भावांएवढं आहे, सांभाळा," म्हणाले. ओल्या रस्त्यावरून, पट्ट्यांवरून, गतिरोधकांवरून तिने त्यांना पाऊण तास फिरवलं. उतरल्यावर मास्तर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "माझ्या बायकोला मी इतकं जपून कधी नेलं नाही."

मंगळवारी पहाटे टोळ दादाच्या पलंगाशी खाली बसली. दादाला आडवं झालं की श्वास लागत होता, म्हणून तो रात्रभर उशांना टेकून बसलेला.

"दादा, मी शिकले. शपथ घेऊन सांगते. तुझी भीती खरी आहे, मी तुला टाकलं, मला त्याची लाज वाटते, मरेपर्यंत वाटेल. पण एकदा बस. वाटेत एकदाही पाय बाहेर निघाला तर तिथेच उतर, पुढे कधी तोंडातून शब्द काढणार नाही."

दादा तिच्या तळहातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल."

आणि तिने चालवली! काय चालवली म्हणून सांगू! गतिरोधक आला की आधी म्हणायची, "दादा, आला हं," आणि गाडी अलगद चढून अलगद उतरायची. पुलाची पट्टी आली. डावं वळण आलं. तेच पांढरे पट्टे, आणि रस्ता पुन्हा ओला. टोळचे हात हलले नाहीत. तिने आधीच वेग कमी केला, नजर वळणापलीकडे टाकली, दोन बोटांनी ब्रेक धरला आणि दोघं मिळून एका अंगाने झुकून बाहेर पडले. तिच्या कमरेवरचा हात घट्ट झाला नाही. सैलच होता. टोळला इतका आनंद झाला की हेल्मेटमध्ये ती मोठ्याने हसली. बावीस वर्षांत कुठल्या शर्यतीत तिला असं झालं नव्हतं.

सातला चार मिनिटं कमी असताना गाडी सेंटरच्या दारात उभी राहिली.

"पोहोचलो! दादा, उतर."

दादा उतरला नाही.

"छान चालवलीस," तो म्हणाला. "पाय एकदाही निघाला नाही. मी बघत होतो."

"मग? उतर ना."

"आता अशीच घरी ने."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. तिने आरशात पाहिलं. दादा चेष्टा करत नव्हता.

"टोळ, तुझ्या गाडीची भीती मला कधीच वाटली नाही," तो दम घेत घेत म्हणाला. "त्या दिवशी रस्त्यावर पडलो ना, तेव्हा काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. नुसतं 'मला जायचं नाही' म्हटलं की माणसं अंगावर येतात. डॉक्टर येतात, सिस्टर येतात, तू येतेस. बहिणीच्या गाडीची भीती वाटते म्हटलं की सगळे गप्प. चांगलं कारण मिळालं होतं मला."

टोळला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि डोक्यात तिडीक गेली.

"कारण? अरे, पाच दिवस मी जेवले नाही! पोत्याची माफी मागत होते मी वेड्यासारखी! माझ्यामुळे तू मरतोयस असं वाटून झोपले नाही, आणि तू... तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि बघत बसलास?"

"हो. तू जितके दिवस शिकत होतीस, तितके दिवस मला सुट्टी होती."

तिने गाडीचं स्टँड लावलं आणि खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. हात उगारला जाईल की काय अशी तिचीच तिला भीती वाटली. दादा एकटाच त्या मोठ्या सीटवर बसलेला, सुजलेला, डावा हात पोटाशी.

"सहाशेच्या वर वेळा बसलोय त्या खुर्चीत," तो म्हणाला. "सुया बघ केवढ्या. पायात गोळे येतात. घरी आलो की दिवसभर पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी जरा माणूस होतो, तिसऱ्या दिवशी परत चल. पाणी प्यायचं ते घोट मोजून. एकदा बाटलीभर पाणी गटागटा प्यावंसं वाटतं गं मला. थकलो मी. बाकी काही नाही."

सेंटरचं दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. "दादा, खुर्ची लावलीय हं," म्हणाल्या, आणि दोघांची तोंडं बघून आत गेल्या. दारातून दिसणाऱ्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मला गाडीतलं कळतं रे," टोळ म्हणाली. राग कुठल्या कुठे गेला होता आणि नुसता रडवेला आवाज उरला होता. "पाय चुकला तर पाय नीट करीन, ब्रेक चुकला तर ब्रेक. ह्याचं मी काय करू? ह्याचं मला काहीच येत नाही."

"तू काही करू नकोस."

"मग काय, उभी राहून बघू? तुला सुट्टी हवी, आणि मी? मी मरू का?" ती ओरडली. दारापाशी बाकावर बसलेला एक म्हातारा वळून बघायला लागला. बघू दे, तिला पर्वा नव्हती. "तू जगलास तर तुला त्रास, हे मला कळतंय. कळत नाही असं नाही. पण मला तू हवायस. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी हवायस. दुसरं कारण नाही माझ्याकडे. आहे तेवढं सांगितलं."

दादाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आत कोणाला तरी सिस्टर थांबायला सांगत होत्या. सात वाजून बारा मिनिटांनी दादाने तिच्या खांद्यावर उजवा हात ठेवला आणि जपून, एकेक पाय करून खाली उतरला.

"आजचं जातो," तो म्हणाला. "गुरुवारचं मला विचारू नकोस."

"नाही विचारत."

तो आत गेला. दार लागलं. टोळ गाडीशेजारी फरशीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून मनसोक्त रडली.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर होते. सकाळपासून त्यांनाही चैन नसणार.

"काय बाई, जमलं का?"

"जमलं, मास्तर. वेळेत पोहोचलो. एकदाही पाय निघाला नाही."

"मग रडताय कशाला?"

टोळने नाक पुसलं. "मास्तर, गुरुवारपर्यंत अजून काही शिकवता येईल का हो मला? काहीही. मी रोज येते, दिवसभर येते."

पलीकडून मास्तरांचं खुशीतलं हसू ऐकू आलं. "अहो, आता काय शिकवू तुम्हाला? तुम्हाला सगळं आलं!"